माझ्या बी.एड.चे तास कोण मोजणार? शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

प्रत माहितीसाठी: मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री

महोदय,

स. न. वि. वि.

हे पत्र नेमके कोणाच्या नावे लिहायचे, यातच माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. जर्मनीशी झालेला कुशल मनुष्यबळाचा करार शालेय शिक्षण खात्याने पुढे नेला, बी.एड.ची कॉलेजे उच्च शिक्षणाकडे आणि आयटीआय कौशल्य विकासाकडे. शेवटी, मी शाळेतली बाई होते म्हणून आपल्याला लिहिते आहे. बाकी खात्यांनी राग मानू नये.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातली. शिक्षण मराठी शाळेत झाले आणि इंग्रजीची ओळख पाचवीत झाली, कारण पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले तोवर आमची गाडी पुढे निघून गेली होती. इंग्रजी घेऊन एम.ए. केले. मग एक वर्षाचे बी.एड., पद्धती विषय (म्हणजे जे शिकवायची पद्धत शिकायची ते) दोन: इंग्रजी आणि इतिहास. तीन वर्षे शिक्षणसेवक, पुढे त्याच अनुदानित शाळेत कायम. आठवी ते दहावीला सात वर्षे इंग्रजी शिकवले. २०१७ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका गावात आले. आज मी इथल्या एका सरकारी शाळेत मुदतीच्या करारावर जर्मन मुलांना इंग्रजी शिकवते. या दोन वाक्यांच्या मध्ये सहा वर्षे आहेत, आणि त्या सहा वर्षांतला निदान दीड-दोन वर्षांचा भाग महाराष्ट्रातल्या कार्यालयांमुळे वाया गेला. पत्राचे कारण तेवढेच.

आधी करार. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी (स्टुटगार्ट ही त्याची राजधानी) कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी तो विषय फार उत्साहाने लावून धरला होता. दहा हजार मुलांना पाठवण्याचा आकडा वर्तमानपत्रांत आला आणि माझ्या फोनवर माहेरच्या, सासरच्या, शाळेच्या सगळ्या ग्रुपांतून तीच बातमी येऊन पडली. "ताई, तुमच्याच राज्यात ना हे?" माझ्याच राज्यात. मुंबई आणि स्टुटगार्ट ही तर १९६८ पासूनची भगिनी शहरे. करार चांगला आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या ग्रुपांतल्या परिचारिका झालेल्या, आयटीआय केलेल्या मुलांना मी एकच प्रश्न विचारत होते: "तुझ्या कोर्सचे विषयवार तास लिहिलेला कागद आहे का तुझ्याकडे?" एकालाही प्रश्न कळला नाही. २०१७ साली मलाही कळला नसता.

इथे शिक्षक, परिचारिका, इलेक्ट्रिशियन अशा पेशांची बाहेरून आणलेली पदवी नुसती दाखवून भागत नाही. ती इथल्या पदवीशेजारी ठेवून ओळीने ताडून पाहतात. कोणता विषय, किती तास, त्यात प्रात्यक्षिक किती, कोणाच्या देखरेखीखाली. आपली मार्कलिस्ट यातले काहीच सांगत नाही. ती सांगते पेपर क्रमांक चार, शंभरपैकी अठ्ठावन्न.

माझीच गोष्ट घ्या. इथल्या सरकारी शाळेत कायम शिक्षक व्हायचे तर साधारणपणे दोन विषय शिकवण्याची पात्रता लागते, आणि विद्यापीठ संपल्यावर शाळेत राहून केलेले प्रशिक्षण लागते. इथल्या आमच्या राज्यात ते अठरा महिन्यांचे असते. मी निर्धास्त होते. आपल्याकडे बी.एड.ला दोन पद्धती असतातच की! पण माझ्या गुणपत्रकावर 'पद्धती एक' आणि 'पद्धती दोन' एवढेच छापलेले. कोणत्या विषयाची पद्धती, हे कुठेच नाही. इतिहास बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत होता. त्याचे किती तास झाले, तेही कुठे नाही. एम.ए.चे बासष्ट टक्के इथल्या सूत्रात घातले तर २.९ येतात. इथे १ म्हणजे सर्वोत्तम, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटलेली प्रथम श्रेणी इथे 'समाधानकारक' झाली. त्याचे मला हसू आले. इतिहास शून्यात गेला त्याचे मात्र आले नाही.

मग सुरू झाला तो अभ्यासक्रमाच्या प्रतीचा शोध. मी इथून मेल करायची आणि माझा भाऊ विट्याहून एसटीने विद्यापीठात जायचा. पहिल्या खेपेला त्याला सांगितले, "तो सिलॅबस आता बदलला, जुना आमच्याकडे नसतो." दुसऱ्या खेपेला विचारले, "नवीन दिला तर चालेल का?" तिसऱ्या खेपेला संबंधित साहेब रजेवर. चौथ्या खेपेला एका शिपायाने माळ्यावरून जुने गठ्ठे काढून दिले आणि भावाने स्वतः झेरॉक्स काढल्या. त्यावर शिक्का मिळायला आणखी अडीच महिने लागले. त्या शिपाईदादांचे नाव मला माहीत नाही. माझ्या इथल्या नोकरीत त्यांचा वाटा माझ्या सी-वनच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या जर्मनच्या, प्रमाणपत्राइतकाच आहे.

दरम्यान एका एजंटाने सगळ्या कागदांवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याचे परदेशाला सांगणारा, शिक्का मारून घेण्याचा सल्ला दिला. त्याने फी घेतली, कागद मुंबईला, दिल्लीला फिरून आले, छान चौकोनी शिक्के बसले. पदव्या तपासणाऱ्या इथल्या कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाईंनी ते बाजूला सारले. भारत अपोस्टिलच्या करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, त्यामुळे या दोन देशांत तो शिक्का चालत नाही. ही गोष्ट गुप्त नाही. पण आजही लोक जर्मनीसाठी म्हणून तो शिक्का पैसे मोजून मारून घेतात, आणि हे चालत नाही असे सांगणारे सरकारी मराठीतले एक पान मला सापडले नाही.

दुसरा चकवा व्हिसाचा. नवऱ्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असेल तर बायकोला जर्मन येत असल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. मी खूश झाले आणि एक अक्षर न शिकता विमानात बसले. मनात म्हटले, आपल्याला तर इंग्रजी शिकवायचे आहे, जर्मन कशाला? इथे उतरल्यावर उलगडा झाला. वर्गात इंग्रजी बोलायचे हे खरे. पण शिक्षकांची बैठक जर्मनमध्ये, पालकांशी बोलणे जर्मनमध्ये, प्रगतिपत्रकावरचा शेरा जर्मनमध्ये, आणि मागच्या बाकावरून कोण कोणाला काय म्हणाले तेही जर्मनमध्ये, त्यातून आमच्या भागातल्या श्वाबियन बोलीत. सी-वन गाठायला मला चार वर्षे लागली. तिशी ओलांडलेल्या बाईने वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या शेजारी बसून नामांची लिंगे घोकली. मराठीचा एक फायदा मात्र झाला. टेबल पुल्लिंगी का, असला प्रश्न मला पडला नाही, कारण आपल्याकडेही खुर्ची 'ती' आणि पलंग 'तो' असतोच. माझ्या शेजारचा स्कॉटिश गृहस्थ त्यावरून रोज भांडायचा.

मधली वर्षे मी फोल्क्सहोखशूलेत काढली. हे इथले लोकशिक्षण केंद्र, जवळजवळ प्रत्येक गावाशहरात असते. संध्याकाळी साडेसहाला माझ्या वर्गात निवृत्त पोस्टमन, बेकरीतली मावशी, अमेरिकेतल्या नातवंडांशी बोलायचे म्हणून इंग्रजी शिकणारे आजोबा. मानधन पंचेचाळीस मिनिटांच्या तासावर. सुट्टीचे नाही, आजारपणाचे नाही, विमा आणि पेन्शनचा हप्ता आपल्याच खिशातून. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मी शिक्षणसेवक होते तेव्हाचे मानधन आठवले की २०२३ मध्ये वाढलेले सोळा, अठरा आणि वीस हजारांचे आकडे बरेच वाटतात, पण तासावर राबणाऱ्यांना तेही नाहीत. गंमत म्हणजे इथे याच प्रश्नावर निकाल लागला तो आमच्याच राज्यातल्या हेरेनबर्ग नावाच्या छोट्या शहरामुळे. तिथल्या संगीत शाळेत मानधनावर पियानो शिकवणाऱ्या बाई प्रत्यक्षात कर्मचारीच ठरतात, असे संघराज्याच्या सामाजिक न्यायालयाने २८ जून २०२२ रोजी सांगितले. तेव्हापासून देशभरातल्या अशा संस्था हिशेब नव्याने मांडत आहेत. आपल्या तासिकावाल्यांनी तो निकाल वाचावा. आपणही वाचावा.

त्या संध्याकाळच्या वर्गांनीच मला इथली शिक्षिका केले, म्हणून थोडे त्याबद्दल. इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या जाहिरातींत इथे सर्रास 'मातृभाषा इंग्रजी असणाऱ्यांना प्राधान्य' असते. मी सुरुवातीला अर्जातला 'मातृभाषा: मराठी' हा रकाना जरा घाबरतच भरायचे. पहिल्या महिन्यात आजोबांनी उपाहारगृहाचा संवाद म्हणताना सांगितले, "आय बिकम अ कॉफी." जर्मनमध्ये 'बेकॉमेन' म्हणजे मिळणे, त्यामुळे आजोबा स्वतःच कॉफी झाले. वर्ग हसला, ते ओशाळले. मी त्यांना सांगितले की आमच्या गावात आम्ही 'आय पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' म्हणायचो, आणि इंग्रजांच्या कानाला ते कॉलेजातून चक्कर येऊन पडल्यासारखे वाटते. त्यानंतर त्या वर्गात कोणी चुकायला घाबरले नाही. जर्मन माणसाला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे काढता येत नाहीत. आपल्यालाही नाही, आपला एकच 'व'. ओठ दातावर कधी टेकवायचे आणि कधी गोल करायचे हे मी एम.ए. झाल्यावर आरशासमोर उभी राहून शिकले होते. तेच त्यांना आरसा देऊन शिकवले. ज्याला तो फरक जन्मतः येतो त्याला तो वेगळा करून दाखवता येईलच असे नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी बदली शिक्षक म्हणून मला बोलावले ते याच वर्गातल्या एका बाईंनी नाव सुचवले म्हणून. त्या बाईंची नात आज माझ्याकडे सातवीत आहे.

आता थोडे सरकारी बोलते. जर्मनीत शिक्षक कमी पडत आहेत आणि शिक्षणाचा कारभार सोळा राज्यांचा सोळा तऱ्हांचा आहे. मार्च २०२४ मध्ये या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एकाच विषयाच्या शिक्षकांनाही वाट मोकळी करून देण्याचे ठरवले. प्रत्येक राज्य ते आपल्या गतीने करील. म्हणजे आपल्याकडच्या इंग्रजी, गणित, विज्ञानाच्या बी.एड. झालेल्यांना पूर्वी बंद असलेले दार किलकिले होऊ शकते. शिक्षकभरतीची वाट बघत केस पिकलेल्यांची आपल्याकडे वाण नाही. पण दार उघडले तरी खिडकीवरची बाई तोच कागद मागणार.

तो कागद आपण देऊ शकता. विद्यापीठाने पदवीसोबतच विषयवार तास, पद्धतीचे नाव, सरावपाठांची संख्या आणि शाळेत काढलेले आठवडे असे मराठी-इंग्रजीत छापून द्यावे. जुन्या विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक वर्षाचा त्या-त्या वेळचा अभ्यासक्रम शिक्क्यासह संकेतस्थळावर टाकावा. कुलगुरूंच्या एका बैठकीत आणि एका शासन निर्णयात हे होऊ शकते. आयटीआयचेही तेच, इथल्या कारागीर मंडळाला वायरमनच्या प्रमाणपत्रावरचा सिंह दिसत नाही, कार्यशाळेतले तास हवे असतात. आणि दहा हजार मुलांना पाठवण्याआधी त्यांना खरे सांगावे. परिचारिकेला बी-टू पातळीचे जर्मन आणि पदवीची मान्यता, दोन्ही मिळेपर्यंत इथे मदतनीस म्हणूनच काम करावे लागते. ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचे जर्मन, होऊन आलेली मुलगी पहिल्या हिवाळ्यात माझ्यासारख्या कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून रडते. मी अशा दोघींना चहा करून दिला आहे.

माझ्या फाइलचे पुढे काय झाले, ते सांगते. शिपाईदादांच्या गठ्ठ्यामुळे इंग्रजी जवळपास पूर्ण धरले गेले, इतिहास अर्धा. बी.एड. एक वर्षाचे म्हणून कमी पडले. २०१५ नंतर दोन वर्षांचे झाले तेव्हाच्या मुलांची स्थिती त्या बाबतीत बरी असेल. उरलेली भरपाई समायोजन प्रशिक्षण करून द्यायची आहे. त्याच्या अर्जाला इथल्या कार्यालयाने एक पानी तक्ता जोडायला सांगितला. तो मी मराठीत करून या पत्रासोबत पाठवते आहे, आपल्या खात्याला नमुना म्हणून उपयोगी पडेल. चार रकाने आहेत: विषय, तास, पद्धती, सरावपाठ. पहिले तीन माझे भरले आहेत. चौथा मोकळा आहे. माझ्या कॉलेजातल्या सरावपाठांच्या नोंदवह्या २०१९ च्या पुरात भिजल्या आणि नंतर टाकून दिल्या, असे तिथून कळवतात. दुसरी प्रत कुठे ठेवली जात होती का, एवढे आपल्या कार्यालयाने विचारून कळवले तर माझा अर्ज या सत्रात जाईल.

आपली,
एक माजी माध्यमिक शिक्षिका,
सध्या मुक्काम नेकार नदीकाठी, बाडेन-व्युर्टेम्बर्ग

सोबत: तक्ता, एक पान