गाडी ‘ऑटो’वर, दोष चालकावर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला स्वयंचलित गाड्यांवरचा ‘स्टिअरिंगला सुट्टी’ हा लेख वाचला. लेखकाचा उत्साह दांडगा आहे, भाषा ओघवती आहे, छायाचित्रेही झकास. त्याबद्दल अभिनंदन. पण पानाच्या मधोमध पिवळ्या चौकटीत ठळक अक्षरांत जे छापलेत, ‘९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीमुळे’, त्याखाली आणखी दोन ओळींना जागा होती. त्या दोन ओळी कुठे गेल्या?

हा आकडा अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या २०१५ सालच्या एका टिपणातला. त्यामागची पाहणी २००५ ते २००७ मधली. अपघाताच्या साखळीतली शेवटची कडी कोणाकडे होती एवढेच हा आकडा सांगतो; त्याला अपघाताचे कारण समजू नये आणि त्यावरून कोणावर दोषही ठेवू नये, असे त्याच टिपणात स्वच्छ लिहिले आहे. कागद बजावतोय की असे करू नका, आणि आपल्या लेखकांनी नेमके तेच करून वर वजाबाकीही मांडली. माणूस काढा, ९४ टक्के अपघात गेले! लहान मुलाला गणित शिकवताना बरे आहे.

‘शेवटची कडी’ हे शब्द मला जरा लागतात, कारण एका रासायनिक कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये मी २९ वर्षे पॅनल ऑपरेटर होतो. म्हणजे सगळे ‘ऑटो’वर चालू असताना काही बिघडते का, ते बघत बसायचा पगार. लोकांना वाटते, काय आरामाची नोकरी! व्हॉल्व्ह हाताने फिरवणारा माणूस दमतो, पण झोपत नाही. पहाटे तीन वाजता सरळ रेषेत चाललेल्या आलेखाकडे टक लावून बसणे काय असते, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक.

आमच्या पॅनलवर एका पंपाचा अलार्म होता. काहीही झालेले नसताना वाजायचा. एका रात्रीत तीस-चाळीस वेळा. हूटर झाला की ‘अ‍ॅकनॉलेज’चे बटण दाबायचे, आवाज बंद. लॉगबुकात आम्ही तिन्ही शिफ्टवाल्यांनी दोन महिने रोज लिहिले, ‘अलार्म खोटा, दुरुस्ती व्हावी’. बोट इतके सरावले होते की नजर न हलवता बटणावर जायचे. एका रात्री टाकीची पातळी दाखवणारा ट्रान्समीटर ६२ टक्क्यांवर अडकला. आलेख सरळ, सुंदर. लूप, म्हणजे पातळी बघून व्हॉल्व्ह आपोआप फिरवणारी यंत्रणा, ऑटोवर. टाकी भरत राहिली. वरच्या पातळीचा वेगळा अलार्म वाजला तेव्हा माझे बोट आपले काम करून परत मांडीवर आलेलेही होते. सव्वातीनला खालून फील्डवाल्याचा फोन, ‘साहेब, टाकी वाहतेय’. माल टाकीभोवतीच्या बांधाच्या आत राहिला, कोणाला इजा झाली नाही. चौकशीचा निष्कर्ष एका ओळीत आला, ‘ऑपरेटरने अलार्मकडे दुर्लक्ष केले’. माझी वर्षाची वाढ थांबली. लॉगबुक कोणी मागितलेसुद्धा नाही. मी दोनदा विचारले, ‘पानं बघा ना साहेब.’ ‘विषय तो नाही,’ असे उत्तर मिळाले.

हे रामायण मी संपादकांना का सांगतोय? कारण गेल्या महिन्यात जावयांच्या नव्या गाडीत बसलो. महामार्ग लागल्यावर त्यांनी कौतुकाने दाखवले, ‘बाबा, आता बघा, पाय नाही, हात नाही.’ गाडी खरोखर पट्ट्यांच्या मध्ये राहात होती, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवत होती. मलाही मजा वाटली, खोटे कशाला बोलू. थोड्या वेळाने पडद्यावर सूचना आली, ‘हात स्टिअरिंगवर ठेवा’. जावई मागे वळून माझ्या मुलीशी बोलत होते. त्यांनी न बघता अंगठ्याने चाकाला हलकासा झटका दिला. सूचना गेली. पुन्हा आली, पुन्हा अंगठा. तिसऱ्यांदा तर सूचना यायच्या आधीच अंगठा गेला. मला दरदरून घाम फुटला. तो अंगठा माझा होता हो! मी म्हटले, ‘जावईबापू, जरा पुढे बघता का?’ तर म्हणाले, ‘गाडी बघतेय ना.’

गाडी बघत नसते, निदान पूर्णपणे नाही. आपल्या लेखात पहिल्या परिच्छेदात विनाचालक टॅक्सी आहे आणि दुसऱ्यात शोरूममधली गाडी, जणू एकाच घरातली थोरली-धाकटी. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने शून्य ते पाच अशा पातळ्या २०१४ पासून ठरवून दिल्या आहेत. जावयांची गाडी दुसऱ्या पातळीवरची. या पातळीला चाक, ब्रेक आणि वेग गाडीने सांभाळायचा, पण रस्त्यावर नजर क्षणोक्षणी माणसाचीच हवी. म्हणजे पुन्हा पॅनल ऑपरेटर! फरक इतकाच की आम्हाला निदान प्रशिक्षण होते आणि आठ तासांनी रिलीव्हर यायचा.

माणसाला हे जमत नाही, हे काही कालचे संशोधन नाही. ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवाल्यांच्या नजरेतून खुणा का सुटतात, हे शोधताना नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी एक घड्याळ बनवले. काटा टक टक पुढे सरकायचा आणि क्वचित एकदम दोन घरे उडी मारायचा. उडी दिसली की कळ दाबायची, एवढेच काम. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या नजरेतून उड्या निसटायला लागल्या. हे १९४८ मध्ये छापून आले. १९८३ साली लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आमच्यासारख्या कंट्रोल रूमवाल्यांवरच निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सोपे काम यंत्राला देता, अवघड तेवढे माणसाकडे ठेवता आणि ते करायचा सरावही त्याच्याकडून काढून घेता. माझे पहिले शिफ्ट इनचार्ज दहावी नापास होते. पण प्लँट शांत असला की दहा मिनिटे एखादा लूप मॅन्युअलला घ्यायला लावायचे. म्हणायचे, ‘हात विसरतो रे.’ त्यांनी बेनब्रिजबाईंचे नाव ऐकलेले नव्हते.

लेखात एक वाक्य आहे, ‘गरज पडताच चालक क्षणार्धात ताबा घेऊ शकतो’. क्षणार्धात! साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये हेच सिम्युलेटरवर मोजले. घाई नसताना ताबा परत घ्यायला कोणाला १.९ सेकंद लागले, तर कोणाला २५.७. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी २५.७ सेकंदांत ७०० मीटरच्या वर जाते. लेखकांनी तेवढे अंतर एकदा पायी चालून बघावे.

आता २०१८ च्या मार्चमधला, अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरातला, उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीचा अपघात. आपल्या लेखात तो एका कंसात आहे, ‘चाचणीतील चालक मोबाइल पाहत होती’. खरे आहे, पाहत होती. पण रात्री हातात सायकल घेऊन रस्ता ओलांडणारी बाई उबरच्या त्या गाडीला धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. गाडी मात्र ठरवत राहिली, हे वाहन आहे, की सायकल, की आणखी काही. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या ठिकाणी माणूस रस्ता ओलांडेल, ही शक्यता प्रणालीत धरलेलीच नव्हती. मूळ व्होल्वो गाडीचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक चाचणीवेळी बंद केलेला होता. आधी गाडीत दोन माणसे बसत, ती कमी करून एक ठेवली होती. हे सगळे अमेरिकेच्या सरकारी चौकशी मंडळाने २०१९ मध्ये लिहून ठेवले आहे आणि कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थेवर ताशेरेही मारले आहेत. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. चालक बाईने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला. तिची बाजू मी घेत नाही, मोबाइल बघणे चूकच. पण एवढ्या सगळ्यातून कंसात बसण्याइतके तेवढेच एक वाक्य कसे निवडले जाते, ते मला चांगले माहीत आहे. माझ्या चौकशीतही एकच ओळ होती.

मी यंत्रांच्या विरुद्ध आहे असे कृपया समजू नये. समोर अडथळा आला की स्वतःहून लागणारा ब्रेक ही उत्तम सोय आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेच्या अभ्यासांत अशा गाड्यांचे पुढच्या वाहनाला धडकण्याचे प्रमाण निम्म्यावर आलेले दिसले. तिथे गाडी माणूस चालवतो आणि यंत्र राखण करते. यंत्राला कंटाळा येत नाही, ते करू देत खुशाल राखण. जावयांच्या गाडीत हे उलटे केले आहे, आणि आपल्या लेखकांना तीच प्रगती वाटते.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपल्या अंकात अपघाताची बातमी कोणतीही असो, ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’ हे ठरलेले. गाडी दरीत गेली, नियंत्रण सुटल्याने. झाडावर आदळली, नियंत्रण सुटल्याने. अहो, गाडी झाडावर आदळली म्हणजे नियंत्रण सुटलेच असणार, त्यात बातमी काय? टायर किती जुने होते, चालक किती तासांपासून चाकावर होता, वळणावर फलक होता का, यातले एक तरी विचारा. आपल्या वार्ताहरांनी ‘नियंत्रण’ हा शब्द महिनाभर वापरायचा नाही असे ठरवले, तर त्यांना निदान जागेवर जाऊन बघावे लागेल. पुढे गाड्या स्वयंचलित झाल्यावर तुम्ही काय छापणार, याचीही उत्सुकता आहे. बहुधा ‘चालकाचे यंत्रावरील लक्ष सुटल्याने’.

जावयांना आपला लेख व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी पाठवला. त्यांनी तो मला पाठवला, खाली ‘झकास’चा अंगठा टाकून! मुलीला सांगितले आहे की तू पुढच्या सीटवर बसत जा आणि गाडीत बोलू नकोस. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही रिटायर झालात, आता तरी पॅनल सोडा.’

पिवळ्या चौकटीतला आकडा दुरुस्त कराल ही अपेक्षा, आणि तीही त्याच आकाराच्या चौकटीत, सातव्या पानाच्या तळाशी नको. हे पत्र छापणार असाल तर कृपया शेवट कापू नये. मागच्या वेळी माझे पत्र ‘म्हणून मला असे वाटते की’ इथेच संपले होते. मला काय वाटते, हे शेजारच्या दोघांनी घरी येऊन विचारले.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पॅनल ऑपरेटर