स्पोर्टी गाडीचे ॲव्हरेज ब्रेकवर ठरते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

स्पोर्टी गाड्यांची परीक्षणे मी आवडीने आणि नेमाने वाचतो. पिकअप, वळणावरची पकड, सस्पेन्शन, गिअर पडण्यातला नेमकेपणा यांवर त्यांत भरभरून लिहिलेले असते. मात्र ॲव्हरेजचा विषय निघाला की, अशी गाडी घेणाऱ्याने तो प्रश्न विचारूच नये, अशा अर्थाच्या एका वाक्यात तो गुंडाळला जातो. गेली आठ वर्षे टर्बो (जास्त हवा दाबून भरणाऱ्या) पेट्रोल इंजिनाची, सहा गिअरची अशीच एक गाडी मी रोज कामावर जाण्या-येण्यासाठी चालवतो आहे आणि प्रत्येक वेळी टाकी भरल्यावर किलोमीटर व लिटर वहीत टिपून ठेवतो आहे. त्या वहीच्या आधाराने मला असे म्हणायचे आहे की, या गाड्यांचे रोजच्या रस्त्यावरचे ॲव्हरेज इंजिनापेक्षा कितीतरी अधिक चालवणाऱ्याच्या हातात, खरे तर त्याच्या ब्रेकवरच्या पायात असते.

आधी एक साधा हिशेब पाहू. लिटरला १८ किलोमीटर देणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज २० वर गेले, तर १०० किलोमीटरमागे अर्ध्या लिटरहून थोडेसेच जास्त पेट्रोल वाचते. तेच ८ वरून १० वर गेले, तर तेवढ्याच अंतरात अडीच लिटर वाचते. दोन्हीकडे वाढ दोन किलोमीटरचीच दिसते, पण बचत चौपटीहून अधिक आहे. म्हणजे ज्या गाडीबद्दल ‘ती पेट्रोल पिणारच’ म्हणून आपण विषय सोडून देतो, त्याच गाडीत वाचवण्यासारखे सर्वांत जास्त असते. माझ्या वहीत पहिल्या वर्षाची सरासरी लिटरला साडेनऊ किलोमीटर आहे आणि आता ती साडेबारा आहे. गाडी तीच, रस्ता तोच, कामावर पोहोचण्याच्या वेळेत दोन-तीन मिनिटांपलीकडे फरक नाही.

पहिल्या वर्षी माझी चूक कुठे होत होती, हे समजायला मला बराच वेळ लागला, कारण मी सगळा दोष ॲक्सिलरेटरला देत होतो. माझ्यासह गाडीचे वजन साधारण १,४०० किलो भरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या एवढ्या वजनात जी ऊर्जा साठलेली असते ती निर्माण करायला, इंजिनाची कार्यक्षमता पंचवीस टक्के धरली तर, सुमारे २४ मिलिलिटर पेट्रोल लागते. चहाच्या चमच्याने मोजले तर जवळजवळ पाच चमचे. वेग ८० चा असेल तर हाच आकडा ४३ मिलिलिटरवर जातो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सिग्नलपर्यंत जोरात जाऊन तिथे ब्रेक दाबला की हे सारे पेट्रोल ब्रेकच्या डिस्क तापवण्यात संपते, आणि सिग्नल सुटल्यावर तेवढेच पुन्हा घालावे लागते. वाटेत ताशी ६० वरून असे दहा वेळा थांबलो, तर पाव लिटर पेट्रोल नुसते ब्रेक तापवण्यात गेले. स्पोर्टी गाडीचा पिकअप चांगला आणि ब्रेक त्याहून चांगले, म्हणून तिच्या चालकाला ही सवय फार लवकर लागते आणि लागली आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही.

यावरचा उपाय हळू चालणे हा नाही, दूरचे पाहणे हा आहे. दोनशे मीटरवर सिग्नल लाल दिसला की मी तिथेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि गाडी गिअरमध्येच ठेवून जाऊ देतो. अनेकदा मी पोहोचेपर्यंत सिग्नल सुटलेला असतो आणि ताशी २५-३० च्या वेगावरून पुढे निघता येते. पूर्ण थांबून निघण्यापेक्षा याला बरेच कमी पेट्रोल लागते. इथे एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा. पेट्रोल वाचावे म्हणून पुष्कळ जण अशा वेळी, आणि उतारावरसुद्धा, गाडी न्यूट्रल करतात. कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल यांत्रिक रीतीने मिसळणाऱ्या जुन्या इंजिनांच्या) काळातून आलेली ही सवय आज उलटीच पडते. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणे बंद करतात आणि चाकेच इंजिनाला फिरवत ठेवतात. आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) आयडलिंगच्या, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसते चालू असते त्या पातळीच्या, जवळ उतरले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावेच लागते. शिवाय उतारावर इंजिनामुळे वेगाला बसणारा आळा राहत नाही आणि ब्रेकवर सगळा भार येतो, तो धोका वेगळाच.

वेग घेतानाही रांगत जाण्याची गरज नसते. पेट्रोल इंजिन थ्रॉटल (हवेची झडप) अगदी थोडे उघडे असताना सर्वांत अकार्यक्षम असते, कारण जवळपास बंद झडपेतून हवा ओढून घेण्यातच त्याची बरीच शक्ती खर्च होते. म्हणून मध्यम जोर देऊन दोन हजार आरपीएमच्या आसपास वरचा गिअर टाकत जावे आणि हवा तो वेग आला की टॉप गिअरमध्ये हलका पाय ठेवावा. स्पोर्टी गाडीच्या इंजिनात टॉर्क (चाके फिरवणारी ओढ) मुबलक असतो, त्याचा खरा उपयोग हाच आहे. टर्बो इंजिन पूर्ण दाबाखाली धावू लागले की ज्वलनकक्ष थंड ठेवण्यासाठी त्यात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडले जाते, आणि तो टप्पा रोजच्या रस्त्यावर टाळता येण्यासारखा असतो. मात्र वरच्या गिअरमध्ये हजार-बाराशे आरपीएमवर पाय पूर्ण दाबून गाडी ओढायला लावू नये. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या टर्बो इंजिनांत अशा वेळी अवेळी ज्वलन होऊन पिस्टनला इजा होऊ शकते. तिथे गिअर उतरवणेच योग्य.

महामार्गावर हिशेब हवेचा असतो. हवेचा विरोधही वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने तो ताशी ८० च्या तुलनेत १०० ला ५६ टक्क्यांनी जास्त आणि १२० ला सव्वादोन पट होतो. मागच्या बाजूला हौसेने बसवलेला मोठा विंग (पंखासारखी आडवी पट्टी) त्यात भरच घालतो. तो दिसायला मलाही आवडतो, पण रोजच्या वेगात त्याचा उपयोग नाही, हे मान्य केले पाहिजे.

आता टायर आणि ब्रेक यांबद्दल, कारण याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. या गाड्यांचे रुंद आणि मऊ रबराचे टायर पकड चांगली देतात, पण रस्त्यावर फिरताना ऊर्जाही जास्त खातात, आणि हवा कमी असली की ते आणखी जड जातात. कंपनीने सांगितलेला दाब बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो; तो टायर थंड असताना, निघण्यापूर्वी तपासायचा असतो. तीन वर्षांपूर्वी माझे ॲव्हरेज दोन आठवड्यांत साडेबारावरून अकराच्या खाली आले. गॅरेजमध्ये मला सांगण्यात आले की, अशा गाड्यांत एवढा फरक पडायचाच. समाधान झाले नाही, म्हणून एके दिवशी घरी आल्यावर चारही रिमजवळ हात नेऊन पाहिले. तीन जेमतेम कोमट होत्या आणि मागच्या डाव्या चाकाजवळ हात धरवत नव्हता. कॅलिपरची (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) सरकती पिन गंजून अडकली होती आणि ब्रेक पॅड सतत डिस्कला घासत होते. पिन साफ करून ग्रीस लावल्यावर पुढच्याच टाकीला आकडा पूर्ववत झाला. वही नसती तर हे मला पॅड संपेपर्यंत कळले नसते.

पेट्रोलच्या प्रतीबद्दल थोडक्यात एवढेच की, जास्त ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग (इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोक) रोखण्याची पेट्रोलची जास्त क्षमता, ही जास्त ऊर्जा नव्हे. कंपनीने जे ऑक्टेन सांगितले आहे तेच भरावे. त्याहून कमी भरले तर नॉकिंग टाळण्यासाठी इंजिन स्पार्कची वेळ मागे घेते आणि कार्यक्षमता घटते, तर साध्या ऑक्टेनसाठी बनवलेल्या इंजिनात महागडे पेट्रोल घालून सहसा काही साधत नाही.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे की, यापुढे स्पोर्टी गाडीचे परीक्षण छापताना परीक्षकाने ती एकाच रस्त्यावर दोनदा चालवावी: एकदा मनसोक्त आणि एकदा दूरचे पाहून, ब्रेक शक्य तितका कमी वापरून. दोन्ही वेळा पेट्रोल टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असे मोजावे. गाडीच्या पडद्यावरचा आकडा घेऊ नये, कारण माझ्या गाडीत तो वहीपेक्षा लिटरमागे सुमारे एक किलोमीटर जास्तच दाखवतो. हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी आणि १०० किलोमीटरमागे किती लिटर या मापात द्यावेत, म्हणजे गाडीचा वाटा किती आणि चालकाचा किती हे घेणाऱ्याला गाडी घेण्याआधीच कळेल.

आपला,
एक नियमित वाचक