आई, मांडीचं खरं सांगते

पुणे, रविवार

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "ऑपरेशननंतर मांडी घालता येईल का गं?" आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला. दिवसभर कृत्रिम गुडघ्यांचीच ड्रॉइंग करणाऱ्या मुलीने आईला असं उत्तर द्यायला नको होतं. म्हणून आज सगळं नीट लिहिते.

शेजारच्या काकू म्हणतात तसं तुझ्या गुडघ्यातलं वंगण संपलेलं नाही. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजली आहे. बाबांनी पाठवलेला एक्स-रे मी मोठा करून पाहिला. आतल्या बाजूला मांडीचं हाड नडगीला टेकलंय. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा धान्याचे डबे तू एकटीने माडीवर चढवलेस. तेव्हापासून हे दुखणं अंगावर काढते आहेस. सपाटीवर चालताना गुडघ्यावर वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो, जिन्यावर तिपटीहून जास्त. तू ५५ किलोची, म्हणजे एकेका पायरीला पावणेदोनशे किलोच्या आसपास. "पावसाळा संपल्यावर बघू" म्हणतेस, पण तोवर दिवसातून दहा वेळा जिना चढशीलच ना!

गुडघा बदलणं म्हणजे अख्खा गुडघा काढून टाकणं नव्हे. दाताला टोपी बसवतात तसंच आहे. मांडीच्या हाडाचा नऊ-दहा मिलिमीटरचा थर काढून त्यावर कोबाल्ट-क्रोमची टोपी, नडगीवर धातूची थाळी आणि मध्ये पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची गादी.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. त्या टोपीच्या घासणाऱ्या भागाचं फिनिश ०.१ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या, आत लागतं. तुम्ही लेथवरून उतरलेल्या जॉबवर नख फिरवून सांगायचात, "अजून एक हात मार." इथे नखाला काहीच कळत नाही. पण एखादा ओरखडा राहिला तर तो कानशीसारखा गादी खरवडत राहतो. ती बारीक भुकटी शरीराला सोसत नाही, आजूबाजूचं हाड विरत जातं आणि सांधा ढिला पडतो.

लहानपणी तुम्ही मला मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत न्यायचात, आठवतं? तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा फिरवायची. जवारी लागेपर्यंत, म्हणजे तार नीट गुंजेपर्यंत, त्या माणसाला घाई नसायची. सर्जनला ऑपरेशनमध्ये बघते तेव्हा मला तेच दिसतं. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंचे बंध सारख्या ताणात यावे लागतात, पाय सरळ असतानाही आणि वाकलेला असतानाही. एक बाजू सैल राहिली तर आमचं ड्रॉइंग कितीही अचूक असो, पेशंट लंगडतो.

एक चूक तुम्हाला सांगितली नव्हती. आमच्या एका गुडघ्याचे साइझ मी जुन्या मालिकेवरून धरले होते. स्कॅनवरून बनवलेल्या एका बारीक चणीच्या बाईच्या हाडाच्या नमुन्यावर सर्वांत लहान थाळी ठेवून पाहिली, तर ती कडेला तीन मिलिमीटर बाहेर आली. शरीरात तेवढी कड आतल्या मांसाला रोज टोचली असती. ड्रॉइंगवर सही माझीच होती. मी काम थांबवलं आणि साइझ नव्याने आखले. चार महिने गेले, बोलणीही खाल्ली. पण ती थाळी तशीच पुढे गेली असती तर मला झोप लागली नसती.

आता मांडीचं. आई, ऑपरेशननंतर बहुतेकांचा गुडघा ११०-१२० अंशांपर्यंत वाकतो. जिना, खुर्ची, बागेतल्या गणपतीपर्यंत चालत जाणं यात सगळं होतं. मांडीला त्याहून जास्त वाकावं लागतं, शिवाय पीळ पडतो आणि सगळा भार गादीच्या लहानशा भागावर येतो. काहींना जमते. तुला जमेल असं वचन मी देणार नाही. पूजेला चौरंग उंच करू आणि तू खुर्चीवर बस. देव काही रागावणार नाही.

बाबा, एफडी मोडायच्या आधी हे वाचा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्यांच्या किमतींना मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमच्या नेहमीच्या गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा होती. हॉस्पिटलचा खर्च वेगळा, तो मी भरते, त्यावर वाद नको. आणि टिकण्याची काळजी करू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शंभरातले साधारण ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही चालू होते.

आमच्याच कंपनीचा गुडघा बसवा असं मी डॉक्टरांना म्हणणार नाही. आधी तसं मनात होतं. पण ज्या गुडघ्यावर त्यांचा हात बसलाय तोच तुझ्यासाठी चांगला, हे मला कामानेच शिकवलंय.

शुक्रवारी रात्री येते, शनिवारी मिरजेला दाखवू. बाबा, तोवर जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा लावून घ्याल का? पाइप मुठीत मावेल असाच घ्या आणि वेल्डिंगचे कंगोरे तुम्ही स्वतः कानशीने घासा. दुसऱ्या कुणाच्या हातचं मला चालणार नाही.

तुमची,
मनू