अ‍ॅव्हरेजची सरासरी

महोदय,

ई-२० पेट्रोलने, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, गाडीचे अ‍ॅव्हरेज पडले की नाही, यावर आपल्या पत्रसदरात चांगलीच जुंपली आहे. एसटीच्या आगारात डिझेलचा हिशेब लिहिण्यात माझी सारी नोकरी सरली. त्यामुळे दोन्ही बाजूंचे आकडे वाचताना हात शिवशिवतात.

एका पत्रलेखकाने ओळखीच्यांच्या गाड्यांचे अ‍ॅव्हरेज गोळा करून त्यांची सरासरी दिली आहे. अशी सरासरी काढताच येत नाही. माझ्या भाच्याकडे लिटरला १० किलोमीटर देणारी जुनी पेट्रोल जीप आहे आणि ५० देणारी मोटारसायकल. दोन्ही वर्षाला १२,००० किलोमीटर फिरल्या, तर घराचे अ‍ॅव्हरेज ३० आले का? जीप १,२०० लिटर पिते, मोटारसायकल २४०. म्हणजे २४,००० किलोमीटरला १,४४० लिटर. लिटरमागे जेमतेम १७. आगारात केपीटीएल, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर ते काढताना आम्ही एकूण किलोमीटरला एकूण डिझेलने भागत असू. गाडीगाडीचे आकडे मिळवून गाड्यांच्या संख्येने भागणाऱ्या नव्या कारकुनाचा कागद तसाच परत यायचा.

भाचेबुवा मात्र मोटारसायकल ५० वरून ६० वर नेण्याच्या खटपटीत आहेत. वाचणार किती, तर वर्षाला ४० लिटर. तीच जीप १० वरून नुसती १२ वर आली तरी २०० लिटर वाचतात. पण १२ या आकड्याचा रुबाब पडत नाही, त्याला काय करणार!

आता इथेनॉल. त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. २० टक्के मिसळले की सहा-सात टक्के घट, हे गणित बरोबर आहे, पण शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत. देशात १० टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्येच गाठला गेला होता. तिथून मोजले तर ऊर्जेतली घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरते. ५० चे ४८ झाले असे कोणी म्हटले तर मी मान्य करीन. ४० झाले म्हणणाऱ्याने आधी टायरमधली हवा पाहावी, आणि पूर्वीचे ५० कुठून आणले तेही सांगावे. स्वतः टाकी फुल्ल करून मोजलेले, की शोरूमवाल्याने सांगितलेले? रस्ताही तोच हवा. पसरणी घाट चढणाऱ्या गाडीचे आकडे पंढरपूरच्या सपाटीवरच्या गाडीशी ताडून कुणा चालकाला बोल लावला असता, तर कॅन्टीनमध्ये चहा मिळाला नसता.

‘एवढ्याशा घटीने काय होते’ म्हणणाऱ्यांचीही हिशेबातून सुटका नाही. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरा. अ‍ॅव्हरेज साडेतीन टक्के घटले, तर पंपावरची पाटी शंभरच दाखवील, पण तेवढ्याच प्रवासाला पूर्वीच्या हिशेबाने लिटरमागे साडेतीन रुपये जास्त पडतील. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच लिहिले आहे की, ऊर्जा कमी असल्याने अशा मिश्रणाचा दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा. ती सवलत मला तरी आमच्या पंपावर दिसलेली नाही. भांडायचेच तर या साडेतीन रुपयांवरून भांडावे.

— एक निवृत्त आगार लिपिक, जि. सातारा