जोडाक्षराआधीचे अक्षर नेहमीच गुरू नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कवितेचे वृत्त (छंद) ओळखताना ऱ्हस्व उच्चाराच्या अक्षराला लघू आणि दीर्घ उच्चाराच्या अक्षराला गुरू म्हणतात. स्पर्धा परीक्षांच्या बऱ्याच मार्गदर्शक पुस्तकांत ‘जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू’ एवढाच नियम छापलेला दिसतो. तो अपुरा आहे. जोडाक्षराचा आघात (उच्चारातला जोर) आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर येत असेल, तरच ते गुरू होते. ही अट वगळल्यामुळे मुलांचे गण (तीन-तीन अक्षरांचे लघू-गुरूंचे गट) चुकतात आणि वृत्त ओळखणे हा निव्वळ अंदाजाचा खेळ होऊन बसतो.

‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ ही ओळ घ्या. ‘स’वर ‘ज्ज’चा आघात येतो, ‘भ’वर ‘क्ति’चा, आणि ‘पं’ अनुस्वारामुळे गुरू. बारा अक्षरांचे तीन-तीनचे गट पाडले की य य य य (प्रत्येक य गण म्हणजे लघू-गुरू-गुरू) येते, म्हणजे भुजंगप्रयात वृत्त. पण अनेक मुले आधीचे अक्षर सोडून जोडाक्षरालाच गुरूची खूण करतात. मग त्याच ओळीचे गण ज त म य होतात आणि असले वृत्त कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. ‘ज्ज’ हे एकच अक्षर आहे आणि ते स्वतः लघू आहे, हे फळ्यावर लिहून दाखवायला हवे.

खरी अडचण मराठी शब्दांत येते. ‘तुझ्या’तला ‘तु’ लघूच राहतो, कारण ‘झ्या’ म्हणताना मागच्या अक्षरावर जोर पडत नाही. ‘तुम्ही’, ‘उन्हात’ यांतही तसेच. म्ह, न्ह हे कानाला एकच व्यंजन वाटतात. ‘पुण्यात’ तर दोन्ही तऱ्हेने चालतो: पुणे शहरात या अर्थी लघू-गुरू-लघू (ज गण), पुण्यकर्मात या अर्थी गुरू-गुरू-लघू (त गण). लेखन एकच, म्हणून मोठ्याने म्हटल्याशिवाय निर्णय होत नाही. जुन्या छापील कवितेतल्या ‘हंसणें’सारख्या शब्दातला अनुस्वार उच्चारातच नाही, तेव्हा तिथला ‘हं’ही लघूच धरावा.

‘र’च्या बाबतीत मात्र लिपी मदतीला येते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, त्यात ‘द’ गुरू. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, त्यात ‘द’ लघू. (नेहमी दिले जाणारे ‘आचार्यांना–आचाऱ्यांना’ हे उदाहरण इथे उपयोगाचे नाही. ‘चा’ दीर्घ असल्याने तो दोन्हीकडे गुरूच असतो.) वृत्तपत्रांच्या ऑनलाइन आवृत्त्यांत कित्येकदा ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’, ‘साऱ्या’च्या जागी ‘सार्या’ छापून येते. वाचणाऱ्या मुलांचा उच्चार त्यावरूनच घडतो. आपल्या मुद्रितशोधकांनी निदान कवितेच्या पानावर तरी हा ‘ऱ्य’ काटेकोरपणे तपासावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
मराठीची एक शिक्षिका