गोळ्या फुकट मिळतात, मदत हवी आहे ती गोळ्यांपर्यंत पोचायला

मिरज-सांगली-जत परिसरातल्या दानशूर मंडळींना आवाहन

सरकारी आयसीटीसीत (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची तपासणी फुकट होते, एआरटीचं, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारं रोजचं औषधही २००४ पासून फुकट आहे. मग वर्गणी कशाला, हा प्रश्न रास्त आहे.

देशातल्या प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत तृतीयपंथीयांमध्ये ते ३.८ टक्के आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ३.३ टक्के निघालं. हा फरक वाढायला केसपेपरच्या खिडकीपासूनच सुरुवात होते. रांगा दोनच, बायकांची आणि पुरुषांची. साडी नेसून आलेल्या व्यक्तीला आधारवरच्या नावाने मोठ्याने पुकारलं की ती परत फिरकत नाही. भेदभावाला आणि गुपित फोडायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे खरी, पण तक्रार करायला पुढे येणं सोपं नसतं. शिवाय मंगळवार-शुक्रवार जोगव्याचे. त्या वारी तारीख दिली तर जतकडचा जोगता, म्हणजे यल्लम्माच्या नावाने जोगवा मागणारा, मिरजेला येणारच नाही. म्हणून आम्हाला सोबतीला चालणारी माणसं हवी आहेत. महिन्यातून दोन सकाळी, मंगळवार-शुक्रवार सोडून. रांगेत उभं राहायचं, केसपेपर काढायचा, आत काय झालं ते विचारायचं नाही. एसटीच्या तिकिटाचा खर्चही उचललात तर उत्तम.

दुसरी गरज वंगणाची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या जेलची. कंडोम मिळतात, जेल मात्र पुरत नाही आणि लोक घरातलं खोबरेल किंवा व्हॅसलीन लावतात. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं आणि कंडोम ऐन वेळी फाटतो. गुदसंबंधात ओलावा आपसूक नसतो, त्यामुळे जेलशिवाय कंडोम हे अर्धंच काम. एकदा वापरायची छोटी पाकिटं द्या. मोठी ट्यूब खिशात मावत नाही, घरी लपत नाही. कंडोमही गाडीच्या डिकीत ठेवू नका. एप्रिलच्या उन्हात तिथे तो खराब होतो.

तिसरी गोष्ट, थंड पेट्या. वस्तीवरच्या चाचणीचे किट २ ते ३० अंशांत ठेवावे लागतात आणि आमच्याकडचा उन्हाळा चाळिशी गाठतो. तापलेलं किट चुकीचं उत्तर देऊ शकतं. मासेवाले वापरतात तशी २० लिटरची झाकणाची पेटी आणि बर्फाचे चार जेलपॅक एवढं पुरे. किट बर्फाला चिकटून गोठू नये म्हणून मध्ये पुठ्ठा. (१ डिसेंबरच्या, जागतिक एड्स दिनाच्या रॅलीला बॅनर भरपूर मिळतात. पेटी मेमध्ये लागते.) बोटाच्या टोकाच्या थेंबाने केलेल्या या चाचणीत संसर्गाची रेघ उमटली तरी तो निकाल नव्हे, आयसीटीसीत पुढच्या चाचण्या होऊनच तो ठरतो. धोक्याचा प्रसंग अलीकडचा असेल तर ती रेघ न उमटणंही पुरेसं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर पेपचं, म्हणजे संसर्ग टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस रोज घ्यायचं. जतहून सत्तर-ऐंशी किलोमीटर रात्री यायला वाहन नसतं. रात्रीबेरात्री बोलावल्यावर येईल असा रिक्षा किंवा जीपवाला, जो वाटेत कोणाला काही विचारणार नाही, तो आम्हाला पैशांपेक्षा मोलाचा.

एआरटी घेणाऱ्यांसाठी एक सूचना, दात्यांनीही लक्षात ठेवावी: कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या वाटायला देऊ नका. एआरटीतल्या डोल्युटेग्राविर या औषधासोबत उपाशीपोटी घेतल्या तर औषध पोटात नीट शोषलं जात नाही. शेंगदाणे, गूळ, अंडी चालतील. गोळ्यांच्या डबीवरचं लेबल काढून टाका, पण डबी तीच राहू द्या. कागदाच्या पुडीत पावसाळ्यात गोळ्या दमट होतात.

वस्तू आमच्या मिरजेतल्या कार्यालयात सोमवार ते शनिवार संध्याकाळी ५ ते ८ घेतो, पावती लगेच देतो. जेल आणि कंडोम मुदत संपायला किमान सहा महिने बाकी असलेलेच आणा.