रविवारच्या पपी सेशनची आठवण

मंडळी, रविवारी सकाळी सातला कुत्र्याच्या पिल्लांच्या ट्रेनिंगसाठी बागेत भेटतोय, त्याआधी हे जरा वाचून घ्या. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) किंवा काटेरी पट्टा आणू नका प्लीज, हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) नाहीतर साधा पट्टा चालेल. सकाळचं खाणं थोडं कमी द्या आणि उकडलेलं चिकन किंवा पनीर नखाएवढे तुकडे करून आणा, मोठा तुकडा दिला की पिल्लू चावत बसतं आणि लक्ष जातं. पिल्लू बसलं की लगेच तुकडा तोंडात गेला पाहिजे, उशीर झाला तर उठल्याचं बक्षीस होतं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको, कुत्र्यांना ते विषारी आहे.

एक जुना टॉवेल पण आणा, त्यात खाऊ टाकून सैलसर गुंडाळी करायची आणि नाकाने उलगडू द्यायचं. पावसात फिरणं होत नाही तेव्हा नुसत्या हुंगण्यानेच पिल्लं छान दमतात.

कुणाचं पिल्लू शेपूट आत घेत असेल, सारखे ओठ चाटत असेल तर ते घाबरलंय, लांबूनच बघू द्या, ओढत आणायचं नाही. ओरडणं, फटका मारणं मी तिथल्या तिथे थांबवणार, कुणी राग मानू नका. आणि लसीकरण पूर्ण नसेल तर खाली न सोडता कडेवर घेऊन या, पण आणा नक्की, याच वयात त्यांना माणसं, सायकली, हॉर्न सगळ्याची ओळख व्हायला हवी.